बालेकिल्ला नक्की कुणाचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी या विषयावर मी आपण होऊन तोंड उघडत नाही, कारण उघडलं की आमच्या घरातली माणसं एकेक करून उठून जातात.

प्रश्न नेहमीचाच आहे. पुणे पदवीधर, म्हणजे विधान परिषदेची पदवीधरांनी निवडून द्यायची जागा, हा भाजपचा बालेकिल्ला, मग २०२० ला तो ढासळला कसा? निवडणुकीच्या आगेमागे कुणीतरी हे विचारतंच. टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर तेराव्याला. सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी तीस वर्षं काढली, शेवटची काही वर्षं हेडक्लार्क म्हणून. पदवीच्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स, साक्षांकनाचे शिक्के, पदवीधर नोंदणीचे अठरा नंबरचे फॉर्म, सगळं माझ्या टेबलावरून गेलं. म्हणून लोकांना वाटतं, याला आतलं काहीतरी ठाऊक असणार. आतलं काही नाही हो. जे आहे ते उघड्यावर पडलंय, कुणी उचलून बघत नाही इतकंच.

पहिल्यांदा बालेकिल्ला हा शब्दच जरा बाजूला ठेवू. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी पदवीधरांच्या वाट्याला फक्त ७ येतात, त्यातली ही एक. १९६६ पासून १९८४ पर्यंत, म्हणजे सलग तीन वेळा, इथून ग. प्र. प्रधान निवडून गेले. फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवलेला समाजवादी माणूस, पुढं परिषदेत विरोधी पक्षनेताही झाला. १९९० ते २००२ प्रकाश जावडेकर. २००२ ला जागा गेली मिरजेचे माजी आमदार, जनता दलाचे प्रा. शरद पाटील यांच्याकडं. २००८ आणि २०१४ ला चंद्रकांत पाटील. २०२० ला राष्ट्रवादीचे अरुण लाड. आता बोटं मोजा. १९६६ ते २०२० या चोपन्न वर्षांतली चोवीस वर्षं, म्हणजे प्रधानांची अठरा आणि शरद पाटलांची सहा, ही जागा समाजवादी आणि जनता दलवाल्यांकडं होती. हे सांगितलं की समोरचा म्हणतो, ‘हो का?’ आणि पुन्हा बालेकिल्ला म्हणतो.

पण या नावांत मला पक्षापेक्षा दुसरीच गंमत दिसते. नावांपुढं गावं लिहून बघा. प्रधान पुण्याचे, जावडेकर पुण्याचे. मग मिरज. मग कोल्हापूरचे चंद्रकांतदादा. मग लाडांचं कुंडल. जागा हळूहळू हायवेनं दक्षिणेला सरकत आली. २०२० ला तर दोन्ही मुख्य उमेदवार आमच्याच जिल्ह्यातले होते, लाड पलूस तालुक्यातले आणि भाजपचे संग्राम देशमुख शेजारच्या कडेगावचे. पाच जिल्ह्यांचा मतदारसंघ आणि लढत शेजारच्या दोन तालुक्यांत. पुण्यातल्या पेपरांना हे कळायला जरा वेळच लागला.

हे कशामुळं झालं, ते यादीत आहे. विधानसभेच्या यादीत तुमचं नाव एकदा आलं की राहतं. मतदारयादीचं काम बघणारा बीएलओ घरी येतो, विचारपूस करतो. पदवीधरची यादी अशी नसते. इथं कुणी दारात येत नाही. तुम्हीच अर्ज करायचा, पदवीचा पुरावा जोडायचा, तो साक्षांकित करून आणायचा. त्यावर आता दर निवडणुकीआधी यादी कोऱ्या कागदावरून सुरू होते. गेल्या वेळी नाव होतं याला शून्य किंमत. १ नोव्हेंबर ही अर्हता तारीख, म्हणजे पात्रता मोजायची तारीख, त्याच्या किमान तीन वर्षं आधी पदवी मिळालेली हवी, राहणं मतदारसंघात हवं, आणि फॉर्म नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. नंतर पुरवणीत नाव घालता येतं, उमेदवारी अर्जांची मुदत संपत येईपर्यंत, पण ते ठाऊक असतं कुणाला? ज्याला निवडणूक लढवायची आहे त्याला.

गठ्ठ्यानं फॉर्म आणून टाकायला नियमानं बंदी आहे. संस्थेचा प्रमुख आपल्या नोकरदारांचे एकत्र देऊ शकतो, घरातला एकजण घरच्यांचे देऊ शकतो. बाकी ज्यानं त्यानं आपापला. कागदावर हे ठीक आहे. प्रत्यक्षात ज्याच्याजवळ शाळा आहे, कॉलेज आहे, साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था आहे, त्याच्याकडं माणसांच्या याद्या तयारच असतात. कोण बी.ए. झालंय, कुणाची सून बी.कॉम. आहे, हे कारखान्याच्या चिटबॉयलाही, म्हणजे उसाच्या चिठ्ठ्या देणाऱ्या पोरालाही, माहीत असतं. फॉर्म पोचवायला तेवढं पुरतं. यात बेकायदा काही नाही. ज्याला आपण संघटना म्हणतो ती हीच.

आकडे सांगतो, हे मला तोंडपाठ आहेत. २०२० च्या यादीत सुमारे ४ लाख २६ हजार पदवीधर होते. पुणे जिल्ह्यात १ लाख ३६ हजार, कोल्हापुरात ८९ हजार, सांगलीत ८७ हजार, साताऱ्यात ५९ हजार, सोलापुरात ५४ हजारांच्या आसपास. आता याच्याशेजारी २०११ ची जनगणना ठेवा. पुणे जिल्हा ९४ लाखांचा, सांगली २८ लाखांचा. म्हणजे सांगलीत दर शंभर माणसांमागं तीन पदवीधर मतदार आणि पुण्यात दीड. पुण्यात! जिथं दगड मारला तर इंजिनिअरला लागेल तिथं! पुण्यात पदवीधर कमी आहेत असं कुणी म्हणणार नाही. फॉर्म भरणारे कमी आहेत. कोल्हापूर आणि सांगली मिळून १ लाख ७६ हजार होतात, ते एकट्या पुण्याला चाळीस हजारांनी मागं टाकतात.

म्हणून मी म्हणतो, पुणे पदवीधरच्या निकालांचा इतिहास हा पदवीधरांच्या मताचा इतिहास नाहीच. तो फॉर्म कुणी भरले, कुणी भरून घेतले, याचा इतिहास आहे. प्रधानांच्या वेळी पदवी हीच मुळात थोड्यांकडं होती. त्या मतदारांत आणि २०२० च्या मतदारांत नावाखेरीज काही सारखं नाही. बालेकिल्ला असायला निदान दगड तरी तेच हवेत की नकोत?

आता २०१४ चं सांगतो, कारण २०२० चं गुपित तिथं आहे. त्या वर्षी चंद्रकांत पाटील अडीच हजारांच्याही आत जिंकले. समोर राष्ट्रवादीचे सारंग पाटील होते. आणि बंडखोर म्हणून उभे होते अरुण लाड, ज्यांनी पस्तीस हजारांच्या वर मतं घेतली. सगळीकडं एकच विश्लेषण: बंडखोरीमुळं मतं फुटली आणि राष्ट्रवादी पडली.

बरोबर आहे, पण पूर्ण बरोबर नाही. इथं मतदान पसंतीक्रमाचं असतं. मशीन नाही, कागदाची मतपत्रिका. एकाला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३ लिहायचं. वैध मतांच्या निम्म्यांहून एक जास्त हा कोटा. पहिल्या पसंतीत तो कुणी गाठला नाही तर तळातला उमेदवार बाद करायचा आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणं वाटायच्या. असं करत वर वर जायचं. या पद्धतीत मतं फुटायलाच नकोत! लाडांना १ देणाऱ्यानं पुढं सारंग पाटलांना २ दिला असता तर ते मत फिरून घरीच आलं असतं. पण प्रत्येक उमेदवाराचा कार्यकर्ता मतदाराला काय सांगतो? ‘आमच्यापुढं फक्त १ लिहा, बाकी काही लिहू नका.’ दुसऱ्याला २ दिला तर आपला माणूस पडेल ही धास्ती. खरं तर तुमचा १ शर्यतीत असेपर्यंत तुमच्या २ ला कुणी हातही लावत नाही. हे मी किती जणांना समजावलं असेल! पदव्युत्तर शिकवणाऱ्या प्राध्यापकालाही. त्यानं मान डोलावली आणि बाहेर जाऊन फक्त १ लिहून आला.

तर २०१४ ला दोन वेगळ्या रांगांत उभी राहिलेली मतं २०२० ला एका रांगेत आली. लाडांना राष्ट्रवादीची उमेदवारी मिळाली, काँग्रेस आणि शिवसेना आघाडीत बरोबर होत्या. स्वातंत्र्यलढ्यातले क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड, त्यांचा मुलगा हे नाव आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. साठच्या वर उमेदवार, मतपत्रिका उघडली की पेपर वाचायला घेतल्यासारखी. लाडांना १ लाख २२ हजार, देशमुखांना ७३ हजार. पहिल्याच पसंतीत निकाल, वाटपाची वेळच आली नाही. यात वारं किती आणि सहा वर्षांची बेरीज किती, तुम्हीच ठरवा. मी बेरजेला जास्त मार्क देतो.

त्याच दिवशी नागपूर पदवीधरही गेलं. १९८९ पासून २०१४ पर्यंत नितीन गडकरी जिथून परिषदेत होते, तिथं काँग्रेसचे अभिजित वंजारी भाजपच्या महापौरांना हरवून आले. अमरावतीत बी. टी. देशमुख यांनी तीस वर्षं काढली, कुठल्या मोठ्या पक्षाच्या जिवावर नाही, प्राध्यापकांच्या संघटनेच्या. मग त्यांची जागा गेली, भाजपचे रणजित पाटील आले, २०२३ ला तेही काँग्रेसच्या धीरज लिंगाडेंकडून हरले. तिथली मोजणी दुसऱ्या दिवशीपर्यंत चालली होती. एकेकाला बाद करत शेवटी दोघेच उरले, कोटा तरीही कुणाचाच भरला नाही, आणि ज्याची जास्त तो विजयी. कोटा का भरला नाही? परत तेच. लोकांनी पुढचे आकडे लिहिलेलेच नव्हते.

बाद मतांचं बोलायला नको असं दर वेळी ठरवतो, पण राहवत नाही. २०२० ला पुणे पदवीधरमध्ये एकोणीस हजारांच्या आसपास मतं बाद झाली. यात एकही माणूस निरक्षर नाही. प्रत्येकाकडं विद्यापीठाच्या शिक्क्याचा कागद आहे. केंद्रात दिलेल्या जांभळ्या स्केचपेननंच लिहायचं, आकडाच लिहायचा, बरोबरची खूण करायची नाही, सही करायची नाही, एवढंच. माझ्या मेव्हण्यांनी, जे स्वतः इंजिनिअर आहेत, ठसठशीत टिकमार्क केला आणि बाहेर येऊन अभिमानानं सांगितलं. ‘भाऊजी, अहो आकडा लिहायचा होता,’ म्हटलं, तर म्हणाले, ‘त्यांना कळत नाही होय, मला कोण पाहिजे ते?’ याला काय बोलणार.

एक फुटकळ माहिती, पैज लावायला उपयोगी पडेल. पदवीधर मतदारसंघातून उभं राहायला पदवी लागत नाही. मत द्यायला लागते. मद्रासच्या एका खटल्यात १९७२ ला सुप्रीम कोर्टानंच हे सांगितलंय. मी ही पैज दोनदा जिंकलोय.

आणि आता माझं. इतकं सगळं बोलतो म्हणून तुम्हाला वाटेल, मी दर वेळी मत देत असणार. २०१४ ला दिलं. १ डिसेंबर २०२० ला मास्क लावून, सौ.ला घेऊन, सकाळी सकाळी केंद्रावर गेलो. तिचं नाव सापडलं. माझं सापडेना. टेबलावरच्या पोरानं दोनदा यादी चाळली, मग मलाच दिली, ‘सर, तुम्ही बघा.’ मी बघितली. रिटायर झालो होतो, तरी त्या मोसमात गल्लीतल्या तीसेक जणांचे फॉर्म भरून दिले होते, तिचाही दिला होता. माझा भरलाच नव्हता. मागच्या यादीत होतो ना, ही खात्री. लोकांना सांगून सांगून स्वतःला सांगायचं राहून गेलं. ती मत देऊन आली, बोटावरची शाई दाखवली आणि घरी पोचेपर्यंत काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

२०२५ च्या नोव्हेंबरात, नव्या यादीच्या फॉर्मची मुदत संपून चार दिवस झाले असतील, शेजारच्या घरातला मुलगा आला. पुण्याला आयटीत असतो, दिवाळीला आलेला राहिला होता. म्हणाला, ‘काका, पुढच्या वर्षी पदवीधरला काय होईल हो? बालेकिल्ला परत येणार का?’

‘अठरा नंबर भरलास का?’ मी विचारलं.

‘तो काय असतो?’

मी आत गेलो, ड्रॉवरमधून एक कोरा फॉर्म काढला आणि म्हटलं, पुरवणी यादी अजून आहे, डिग्रीची झेरॉक्स घेऊन ये. साक्षांकन करून आण, ते मला आता करून देता येत नाही. बघतो म्हणाला.