‘गिरिप्रेमी’ची पहिली तीस वर्षे

पुण्यातील ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेचा विषय निघाला की एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू, च्यो ओयू, धौलागिरी, मनास्लू, कांचनजुंगा, अन्नपूर्णा अशी नावे एका दमात सांगितली जातात. यादी भारदस्त आहे यात शंका नाही. मात्र संस्था स्थापन झाली १९८२ साली आणि या यादीतील एव्हरेस्ट तिच्या खात्यावर जमा झाले ते २०१२ साली. मधल्या तीस वर्षांबद्दल फारसे कोणी बोलत नाही, आणि मला तर तोच या इतिहासाचा खरा गाभा वाटतो.

महाराष्ट्रात संघटित गिर्यारोहणाची सुरुवात त्याआधीच झाली होती. मुंबईतील ‘गिरिविहार’ १९५४ पासून कार्यरत होती. पुण्यात उषःप्रभा पागे यांच्यासारख्या मंडळींनी ‘गिरिप्रेमी’ उभी केली तेव्हा डोंगरात जायचे म्हणजे शनिवारी एसटीने पायथ्याचे गाव गाठायचे, देवळात पथारी पसरायची आणि उजाडताच गडाची वाट धरायची, असा साधा मामला होता. एका स्त्रीने त्या काळी अशा संस्थेची धुरा वाहावी, याची नोंद आपल्याकडे व्हायला हवी तितकी झालेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

गडभटकंतीतून पुढे प्रस्तरारोहण आले. सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा असतो. काही ठिकाणी तो अभेद्य, तर काही ठिकाणी हात लावताच निखळणारा. चढणारा गडी फटीत मेख ठोकतो तेव्हा खाली बिले देणाऱ्याचे, म्हणजे त्याचा सुरक्षा-दोर सांभाळणाऱ्याचे, कान त्या हातोडीकडे लागलेले असतात. मेख घट्ट बसत असेल तर प्रत्येक घावासरशी आवाज चढत जातो. तो बद्द येऊ लागला की त्या मेखेवर भार टाकायचा नाही, हे न सांगता कळते. हे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही. ते मिळते आपल्याहून चार वर्षे आधी संस्थेत आलेल्या कोणाकडून तरी, आणि म्हणूनच क्लब नावाच्या गोष्टीला अर्थ असतो.

सह्याद्रीत तयार झालेली ही मुले पुढे उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग येथे बेसिक आणि ॲडव्हान्सचे अभ्यासक्रम करून येत आणि सहा-साडेसहा हजार मीटरच्या शिखरांवर मोहिमा आखत. गंगोत्री परिसरातील मांदा-१ (६,५१० मीटर) हे त्यांपैकी एक. त्याच्या उत्तर धारेवरून चढाई करण्याचा प्रयत्न संस्थेने १९८९ मध्ये केला आणि १९९१ मध्ये पुन्हा केला. दोन्ही वेळा शिखर हाती लागले नाही.

एव्हरेस्टवर मराठी पाऊल १९९८ मध्ये पडले होते. हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण यांनी ते यश मिळवले. ‘गिरिप्रेमी’ने मात्र एकट्यादुकट्याला न पाठवता अख्खा संघ न्यायचे ठरवले. कोट्यवधी रुपयांच्या या खर्चाला सर्वसामान्य पुणेकरांनीही हातभार लावला. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली १९ मे २०१२ रोजी संस्थेचे आठ गिर्यारोहक माथ्यावर पोहोचले. ज्या दिवसांतील रांगांची छायाचित्रे जगभर गाजली, तेच हे दिवस; त्याच सुमारास वेगवेगळ्या मोहिमांतील चार जण उतरताना दगावले. अशा गर्दीतून आठही जण सुखरूप खाली येणे ही माझ्या लेखी चढाईपेक्षा मोठी गोष्ट होती. तरीही ती मोहीम निखळ आनंदाची नव्हती, कारण मोहिमेदरम्यान आजारी पडलेल्या एका सहकाऱ्याला संस्थेने गमावले.

त्यानंतरची शिखरे भराभर आली. त्यांतील २०१९ ची कांचनजुंगा मोहीम तेवढी थांबून पाहावी अशी आहे. १९८८ मध्ये ‘गिरिविहार’ने वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली याच पर्वतावर मोहीम नेली होती. सरकारी वा लष्करी पाठबळ नसलेल्या भारतीय गिर्यारोहकांनी आठहजारी, म्हणजे आठ हजार मीटरहून उंच, शिखराला भिडणे तेव्हा धाडसाचेच होते. त्यांना माथा गाठता आला नाही. एकतीस वर्षांनी, १५ मे २०१९ रोजी, ‘गिरिप्रेमी’चे दहा गिर्यारोहक ८,५८६ मीटर उंचीच्या त्या शिखरावर पोहोचले. संस्था वेगळ्या, शहरे वेगळी. पण आठहजारी शिखरावर आपणही मोहीम नेऊ शकतो, हा विश्वास १९८८ च्या त्या मंडळींनीच महाराष्ट्राला दिला होता. एप्रिल २०२१ मध्ये अन्नपूर्णाही झाले.

आणि त्याच २०२१ मध्ये संस्थेचा संघ पुन्हा मांदाला गेला. वाट तीच, उत्तर धारेची. आठ शिखरांचा लौकिक गाठीशी असताना साडेसहा हजार मीटरच्या, सर्वसामान्य वाचकाने नावही न ऐकलेल्या डोंगरावर पुन्हा जाण्याचे बाहेरच्या कोणाला कारण दिसले नसते. वर्तमानपत्राच्या मथळ्यासाठी तर तो डोंगर मुळीच नाही. पण १९८९ ची मोहीम संस्थेच्या लेखी संपलेलीच नव्हती. पहिल्या प्रयत्नानंतर बत्तीस वर्षांनी ती उत्तर धार चढून झाली, आणि मला विचाराल तर वरच्या यादीत या शिखराचे नाव अन्नपूर्णाच्या शेजारी लिहायला हवे.