मालडब्यांच्या वाटेनं: हरंगूळ ते कुर्डुवाडी

पुण्याची गाडी धरायला लातूर सोडून शेजारच्या हरंगूळ स्टेशनला जायचं, हे आता आम्हा लातूरकरांच्या अंगवळणी पडलंय. रिक्षाचं भाडं ऐकून मात्र अजून दचकायला होतं.

जनरल डब्यात समोरच्या मावशींनी तुरीच्या डाळीचं पोतं पायानं सीटखाली सारलं. सुतळीची शिवण एका कोपऱ्यात उसवली होती, गाडी हलली की चार दाणे बाहेर.

"कुटं चाल्लाव मावशी?"

"पुण्याला, लेकाकडं. तितली डाळ शिजंना म्हणतोय त्यो."

ही वाट मुळात पोत्यांचीच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी असे अडीच फुटी रूळ टाकले. बार्शीच्या बाजारातला कापूस आणि तेलबिया बाहेर काढायच्या होत्या. इंजिन असो की वाघीण, म्हणजे मालडबा, चाकांच्या कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, ही त्याची युक्ती. त्यामुळं हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जायचा. १९११ ला गाडी लातुरात आली. कुर्डुवाडीला मात्र सगळा माल उतरवून मोठ्या गाडीत चढवावा लागे.

आषाढीला मालडब्यांत माणसं भरत. आजोबा सांगायचे, "पोत्याच्या जागी बसवलं, भाडं मात्र माणसाचं घेतलं!"

२००७-०८ मध्ये रूळ रुंद झाले. येडशीवरून परस्पर जाणारी लाइन तेव्हा धाराशिवला वळली.

ढोकीच्या पुढं गाडी थांबली. क्रॉसिंग. वीस मिनिटांनी मालगाडी धडधडत गेली. डब्यात कुणीतरी करवादलं, पण मला एप्रिल २०१६ आठवला. याच रुळांवरून दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली होती. पहिल्या खेपेला दहा टँकर, पाच लाख लिटर. पुढं पन्नास टँकरांची यायला लागली. जावई यायचा असावा तशी तेव्हा गावानं मालगाडीची वाट बघितली होती.

येडशीनंतर बालाघाटाचा उतार, झाडी. तिथं दारात उभं राहावं.

कुर्डुवाडीला मी उतरताना मावशींनी पायाशी सांडलेली डाळ पदरात गोळा करायला घेतली होती. वाकून मूठभर मीही वेचून दिली.