बेटावरच्या पवनचक्कीचा शेअर

गेल्या आठवड्यात पुन्हा साम्सो या डेन्मार्कच्या बेटावर जाऊन आले. ऑर्हूसच्या दक्षिणेला हाऊ नावाचं छोटं बंदर आहे, तिथून फेरीबोटीनं तासाभरात बेटावर पोचता येतं. चार हजारांच्या आतली वस्ती, भरपूर शेती, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला निघणारे कोवळे बटाटे, ज्यांची सगळा डेन्मार्क वाट बघतो.

माझं संशोधन हवामान धोरणावर आहे, पण हल्ली ते एकाच प्रश्नाभोवती फिरतं: पवनचक्की कुणाच्या मालकीची? हा प्रश्न मी साताऱ्याहून घेऊन आले. चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा मी शाळेत होते. आम्ही त्या बघायला सहलीला जायचो. पठारावरची माणसं त्यांना 'कंपनीचे पंखे' म्हणायची. वारा आमच्या पठारावरचा, पण पंखे कंपनीचे. त्या शब्दात काय दडलंय ते मला इथे येईपर्यंत नीट कळलं नव्हतं.

साम्सोची गोष्ट १९९७ ची. दहा वर्षांत संपूर्णपणे अक्षय ऊर्जेवर जायचं, असा आराखडा मागवणारी सरकारी स्पर्धा या बेटानं जिंकली. त्याच सुमारास बेटावरचा कत्तलखाना बंद पडत होता, रोजगार जाणार होते. लोकांना हवामानबदलापेक्षा पोटाची काळजी जास्त होती. सोरेन हर्मनसेन हा तिथलाच शेतकऱ्याचा मुलगा, शिक्षक. तो गावोगावच्या बैठकांना जायचा, कॉफी प्यायचा आणि माणसांशी बोलत राहायचा. २००० साली जमिनीवर १ मेगावॉटच्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यातल्या ९ शेतकऱ्यांच्या, २ सामूहिक मालकीच्या. २००३ मध्ये बेटाच्या दक्षिणेला समुद्रात २.३ मेगावॉटच्या आणखी १०. त्यातल्या ५ नगरपालिकेच्या, बाकीच्यांत शेतकरी आणि छोटे भागधारक. घरं गरम करायला गव्हाच्या काडाची सामाईक भट्टी. काड शेतकरीच विकतो आणि राख पुन्हा शेतातच जाते.

या वेळी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला त्याच्या पवनचक्कीखाली नेलं. 'आवाजाचा त्रास होत नाही?' असं विचारलं, तर म्हणाला, 'बंद पडली की झोप लागत नाही.' कर्ज कधी फिटलं, दुरुस्तीला किती गेले, सगळे हिशेब तोंडपाठ. आमच्याकडे उसाचं टनेज जसं पाठ असतं, अगदी तसं.

इथे डेन्मार्कमध्ये अशा शेअरला 'आन्डेल' म्हणतात आणि त्याची मुळं दुधात आहेत. १८८२ मध्ये येडिंग गावात शेतकऱ्यांनी पहिली सहकारी दूधसंस्था काढली. १९७३ च्या तेलटंचाईत डेन्मार्क नव्वद टक्क्यांहून जास्त आयात तेलावर अवलंबून होता, रविवारी मोटारी चालवायला बंदी घालावी लागली. मग वाऱ्याकडे लक्ष गेलं तेव्हा लोकांना पवनचक्कीची सहकारी संस्था काढणं नवं वाटलंच नाही. धोरणही तसंच होतं. अशा संस्थांचे शेअर सुरुवातीला आसपास राहणाऱ्यांनाच घेता येत.

हे वाचताना मला आजोबांची ट्रंक आठवली. तिच्यात साखर कारखान्याच्या शेअरचा कागद असायचा, घडी घालून. प्रवरानगरचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी उभा केला, तो याच विचारावर: कच्चा माल ज्याचा, कारखाना त्याचा. सहकारात पुढे काय काय झालं ते आपल्याला माहीत आहे. तरी आजोबा शेवटपर्यंत 'आपला कारखाना' म्हणायचे, सर्वसाधारण सभेला धुवट धोतर नेसून जायचे. मग पठारावर वारा विकला गेला तेव्हा कुणालाच शेअर का सुचला नाही? कारण सवलत मुळात गुंतवणूकदाराला होती. पवनचक्की उभी केली की घसाऱ्यापोटी करात मोठी सूट मिळायची, म्हणून दूरदूरच्या उद्योगांनी पैसा लावला. गावाशी नातं जोडायची गरज त्या रचनेत कुठे नव्हतीच.

डेन्मार्कमध्येही सगळं आलबेल नाही. पवनचक्क्या मोठ्या झाल्या, कंपन्या आल्या आणि गावांचा विरोध वाढला. म्हणून २००८ च्या कायद्यानं साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना २० टक्के शेअर देऊ करणं सक्तीचं केलं. २०२० मध्ये ती तरतूद काढून टाकली. मला तो निर्णय चुकीचा वाटतो, आणि माझ्या प्रबंधात मी तसं लिहिणार आहे.

डिसेंबरात मी साताऱ्याला येतेय, दोन महिने पठारावरच्या गावांत राहणार आहे. ठोसेघर, चाळकेवाडी, वनकुसवडे भागातल्या कुणाच्या घरी त्या काळातले जमिनीचे खरेदीखत, भाडेकरार, ग्रामसभेचे ठराव असतील, तर जपून ठेवा. झेरॉक्स माझ्या खर्चानं काढू. आणि घरात कुणी वडीलधारी माणसं असतील, तर त्यांना आत्ताच विचारून ठेवा: पहिला पंखा उभा राहिला त्या दिवशी गावात काय बोलणं झालं होतं?