सॅच्युरेशन ९८, तरी पेशंटला धाप

फिजिओला अॅडमिशन घेतलेल्या बऱ्याच मुलामुलींना वाटतं की आपला विषय म्हणजे हाडं, स्नायू आणि नसा, रक्त आणि इम्युनिटीचं चॅप्टर परीक्षेपुरतं करायचं आणि सोडून द्यायचं. मलाही तसंच वाटायचं, इंटर्नशिपच्या त्या दिवसापर्यंत.

ऑपरेशन झालेल्या एक काकू होत्या, त्यांना पहिल्यांदा बेडवरून उठवून चालवायचं काम माझ्याकडे होतं. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८ आलं, बीपी ठीक होतं, मग वॉकर दिला आणि निघालो. आठ-दहा पावलं झाली असतील नि त्या थांबल्याच, ओठ पांढरेफटक, नाडी १३० च्या वर, बोलताना धाप लागतेय, आणि बोटावर अजूनही ९८च! त्यांना खुर्चीत बसवलं आणि मशीन बिघडलंय असं समजून मी ते दुसऱ्या बोटाला लावून बघत होते. तेवढ्यात सीनियर मॅडम आल्या, काकूंची नाडी धरली, त्यांना शांत केलं आणि मला एवढंच विचारलं, "सीबीसी बघितलास का गं?" नव्हता बघितला. फाईलमधे सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, हिमोग्लोबिन ६ लिहिलेलं होतं.

आता बघा, ऑक्सिमीटर काय सांगतो? रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलंय, एवढंच. मुळात हिमोग्लोबिन आहे किती ते त्याला कळतच नाही. १ ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन धरतं, म्हणजे १०० मिली रक्तात हिमोग्लोबिन १५ ग्रॅम असेल तर २० मिली ऑक्सिजन आणि ६ असेल तर जेमतेम ८. सगळ्या बस फुल्ल आहेत, पण रस्त्यावर बसच निम्म्याहून कमी, मग हृदय बिचारं फेऱ्या वाढवत बसतं आणि नाडी १३० ला जाते. काकूंना नंतर रक्त चढवलं आणि दोन दिवसांनी त्याच काकू त्याच वॉकरने वॉर्डच्या दारापर्यंत जाऊन आल्या, मधे एकदाच थांबल्या. स्नायू तेच होते, पाय तेच होते, बदललं फक्त रक्त.

तेव्हापासून पेशंटला हात लावायच्या आधी मी फाईल उघडून तीन आकडे बघते, हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी.

प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, नॉर्मली दीड ते साडेचार लाख. ५०,००० च्या खाली गेल्या की वजनं लावून व्यायाम बहुतेक ठिकाणी थांबवतात, २०,००० च्या खाली तर अगदी हलकी हालचाल आणि तीही डॉक्टरांना विचारून. आकडे प्रत्येक ठिकाणी थोडे वेगळे असतात म्हणून आपल्या वॉर्डचा प्रोटोकॉल विचारूनच घ्या. आणि अशा पेशंटच्या छातीवर पर्कशन (कफ सुटावा म्हणून थापटणं) करायचं नाही हे तर पक्कं डोक्यात ठेवा, आपल्याला हलकी वाटणारी थाप त्यांच्यासाठी हलकी नसते.

पांढऱ्या पेशींचं मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय. केमो चालू असलेल्या पेशंटचा टोटल काउंट १२०० आणि त्यात न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) ३० टक्के, तर गुणाकार करा, ३६० आले. ५०० च्या खाली म्हणजे पेशंट जवळजवळ उघडा पडलाय. आणि गंमत नाही, खरंच धोक्याची गोष्ट ही की अशा पेशंटची जखम स्वच्छ दिसू शकते, कारण पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिलच, ते नाहीतच तर पू होणार कुठून? लाली कमी, सूज कमी, आणि आत इन्फेक्शन पसरत असतं. कधीकधी फक्त ताप हीच खूण असते, म्हणून ३८ डिग्री सेल्सिअस दिसलं की व्यायाम बाजूला ठेवून आधी सिस्टरना सांगायचं. राउंडमधे असा पेशंट पहिला घ्यायचा, इन्फेक्शनवाल्यांकडून याच्याकडे कधीच यायचं नाही.

याच पेशींची एक गोष्ट मला फार आवडते. १८८२ मधे मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने स्टारफिशच्या पारदर्शक पिल्लांमधे गुलाबाचे काटे खुपसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींनी गर्दी केलेली! पेशी परक्या गोष्टीला घेरतात आणि गिळतात ही कल्पना तिथून पुढे आली आणि १९०८ मधे त्याला नोबेल मिळालं, एहर्लिखबरोबर विभागून. घोटा मुरगळला की तिथेही असंच होतं, जंतू नसले तरी. आधी काही तासांत न्यूट्रोफिल येतात, मग दिवस-दोन दिवसांत मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी, त्या कचरा उचलतात आणि फायब्रोब्लास्टना, म्हणजे नवी ऊती विणणाऱ्या पेशींना, कामाला लावतात. त्यामुळे सूज दिसली की ती पूर्ण दाबून टाकायची ही घाई मला पटत नाही, बरं होणं तिथूनच सुरू होतं.

सुजेतलं जास्तीचं पाणी परत नेणाऱ्या लिम्फला हृदयासारखा पंप नाही. तिच्या नळ्या स्वतः थोड्या आकुंचन पावतात, बाकी जोर स्नायूंचा आणि श्वासाचा, म्हणून अँकल पंप (घोट्यातून पाऊल वर-खाली करणं) शिकवताना "पाय हलवा" एवढं बोलून निघून जाऊ नका, पोटरी घट्ट होतेय का ते हात ठेवून बघा. पोटरीच्या शिरांतलं रक्तही त्यानेच वर ढकललं जातं. पण एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर मसाज अजिबात नाही, आत गुठळी असू शकते. होमन्स साइनवर (पाऊल वर ओढलं की पोटरीत दुखणं) विसंबू नका, ती निगेटिव्ह आली तरी डीव्हीटी, म्हणजे खोल शिरेतली गुठळी, असू शकते, सरळ डॉक्टरांना कळवा.