ट्रॅप की फ्यूचर बेस, आधी काय ऐकावे?

"ट्रॅप आणि फ्यूचर बेस ऐकायला सुरुवात करायची आहे, चार ट्रॅक सुचवा," अशी मागणी माझ्याकडे सतत होते (दोन्ही इलेक्ट्रॉनिक संगीताच्या शैली), आणि कशावर ऐकणार असे मी उलट विचारले की लोक नाराज होतात. मी उत्तर टाळतो आहे, किंवा महागड्या हेडफोनची फुशारकी मारतो आहे, असा त्यांचा समज होतो. तसे नाही.

पूर्वी मी निमूटपणे नावे देत असे. एका जवळच्या मित्राला मी टीएनजीएचटी या जोडीचा 'हायर ग्राउंड' (2012) आणि आरएल ग्राइमचा 'कोअर' (2014) सुचवला. त्याने माझ्यासमोरच ते फोनच्या स्पीकरवर लावले, बोटाने सरकवत थेट ड्रॉपवर, म्हणजे चढणीनंतर ताल आणि बेस एकदम कोसळतात त्या जागी, नेले, काही क्षण ऐकले आणि "सगळे सारखेच आहे, यात संगीत कुठे आहे?" असे म्हणून फोन खिशात ठेवला. न आवडण्याचा हक्क त्याला होताच. मला लागले ते हे, की त्याने ते ऐकलेच नव्हते. ट्रॅपचा सगळा भार रोलंडच्या टीआर-808 या 1980 च्या ड्रम मशीनमधील लांबवलेल्या किकवर, म्हणजे मोठ्या ढोलाच्या ठोक्यावर असतो, तिचा अगदी खोल स्वर बहुधा 40-50 हर्ट्‌झच्या आसपास घुमतो, आणि फोनचा स्पीकर तिथवर उतरतच नाही. उरतात ते तडतडणारे हाय-हॅट (झांजांचे बारीक ठोके) आणि वरचे कर्कश सूर. शिवाय ड्रॉपला जोर येतो तो आधीच्या चढणीमुळे, आणि ती तर त्याने गाळली होती. हे मी समजावू लागलो तेव्हा तो हसून म्हणाला, "जे आवडण्यासाठी आधी शास्त्र शिकावे लागते, ते गाणे कसले?" याचे पुरते उत्तर मला आजही सुचलेले नाही.

उलट बावर या संगीतकाराचा 'हार्लेम शेक' हा ट्रॅप ट्रॅक 2013 साली अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला तो अर्ध्या मिनिटाच्या विनोदी व्हिडिओंच्या लाटेवर. म्हणजे तुकडा ऐकून ट्रॅप लाखोंना आवडला, हे मला नाकारता येत नाही; फक्त ती आवड ट्रॅपची होती की व्हिडिओंची, याची शंका वाटते.

माझा जुना आग्रह असा, की अटलांटाच्या हिप-हॉपमधून आलेला ट्रॅप आधी ऐकावा आणि फ्यूचर बेस नंतर. इतिहास म्हणून तो क्रम मला अजूनही पटतो. पण फोनवरच ऐकणार असाल, तर उलटे जा. फ्यूचर बेसचा जीव मधल्या पट्टीतील कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांमध्ये असतो: एकमेकांपासून सुरात किंचित सरकवलेल्या सॉ वेव्हचे, म्हणजे सिंथेसायझरच्या करवतीच्या दात्यांसारख्या ध्वनिलहरींचे थर, ज्यांचा आवाज लयीत दाबला आणि सोडला जातो, त्यामुळे ते श्वास घेतल्यासारखे फुगतात आणि ओसरतात. लहान स्पीकरवरही यातले पुष्कळ काही उरते. डिस्क्लोजरच्या 'यू अँड मी'चे फ्लूमने केलेले रीमिक्स (2013) सर्वांत आधी घ्या. त्यानंतर कॅशमियर कॅटचा 'मिरर मारू' (2012) आणि सॅन होलोचा 'लाइट' (2016).

फ्लूमचे 'नेव्हर बी लाइक यू' (2016) मी मुद्दाम सांगत नाही. ते ज्या 'स्किन' अल्बममध्ये आहे त्याला ग्रॅमी मिळाले आहे, ते सुंदरही आहे. पण त्यात काय (Kai) या गायिकेचा आवाज इतका पुढे आहे, की ऐकणारा तिच्या मागे जातो आणि खालचे कॉर्ड त्याच्या कानावरून निघून जातात.