सिक्स बीटीचा ऑइल कूलर उतरवला

मंडळी, इंदूरच्या सुदामा नगरातल्या अंगणात आपल्या ५.९ लिटरच्या कमिन्स सिक्स बीटी डिझेल इंजिनाचं काम पुढे सरकतंय. रेडिएटरचं झाकण उघडलं की कूलंटवर सायीसारखा काळपट तवंग दिसायचा. ट्रान्सपोर्ट नगरात विचारलं तर जो तो हेड गॅस्केटचंच, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचंच, नाव घेत होता. मी मात्र ऑइल कूलर, म्हणजे कूलंटच्या मदतीने इंजिनचं तेल थंड करणारा भाग, आधी तपासायचं ठरवलं. इंजिन चालू असताना तेलाचा दाब कूलंटपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे कूलर फुटला की तेल पाण्यात जातं. इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब जातो, तापलेल्या कूलंटचा मात्र काही वेळ टिकतो आणि मग पाणी तेलात शिरू शकतं. म्हणून डिपस्टिक स्वच्छ दिसली तरी गाफील राहू नका. तेलात कूलंटमधलं ग्लायकॉल गेलं की बेअरिंगची वाट लागते.

या इंजिनात कूलर ब्लॉकच्या पोकळीतच बसतो. बाहेरून दिसतं ते फक्त झाकण आणि त्याला लटकलेला तेलाचा फिल्टर. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, कूलंट सोडलं, फिल्टर उतरवला. टर्बोला तेल नेणारी नळी फिल्टरच्या डोक्यापासून निघते. ती सोडल्याबरोबर दोन्ही तोंडं बंद करा, माळव्यातल्या धुळीचा एक कणही टर्बोच्या बेअरिंगला नको.

आता खरी काळजीची जागा. रेडिएटर रिकामा झाला म्हणून ब्लॉकही रिकामा झाला असं नसतं. मी बाकीचे बोल्ट काढून पुठ्ठ्यावर त्याच क्रमाने खोचले, पण वरचे दोन नुसते सैल करून आट्यांवर राहू दिले. मग झाकणाच्या कडेला रबरी हातोडीने हलके टोले दिले. चर्रकन गॅस्केट सुटलं आणि खालच्या कडेने आधी हिरवट पाणी, मागोमाग काळी धार घमेल्यात आली. धार थांबल्यावरच शेवटचे दोन काढले. एरवी झाकण, कूलर आणि तो सगळा चिकटा एकदम हातावर आला असता. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, गॅस्केट बसतं त्या सपाट जागेवर ओरखडा पडला तर नवं गॅस्केटही गळणार. आणि ते कूलंट लगेच कॅनमध्ये भरा: चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री चाटतात, आणि ते विषारी आहे.

कूलर धुतला, तेलाची तोंडं बंद केली आणि गरम पाण्यात बुडवून साधारण ७० पीएसआय हवा दिली. डोळ्यांवर गॉगल हवाच. एका कोपऱ्याच्या जोडातून बुडबुडे सलग वर येऊ लागले. हेडला हात लावायची गरज नाही!

आता सियागंजातून नवा कूलर आणि त्याच्या दोन्ही बाजूंची गॅस्केट आणायची आहेत. बसवताना झाकणाचे बोल्ट २४ न्यूटन मीटरला आवळणार. त्याआधी क्लीनर घालून कूलंटची सगळी वाट धुवायला हवी, कारण तेलाने रबर फुगतं. पाइप दाबून पाहिले, खालचा मऊ पडलाय, तोही बदलतोय.