गंज निघाला हो, पण तो परत येऊ नये म्हणून जे करावं लागलं ते कुणीच सांगत नाही (माझा अनुभव)

अण्णांची हत्यारं साफ करायची हे तीन वर्षं डोक्यात होतं, म्हणजे ते गेले तेव्हापासूनच, पण गावी जाणं होतं ते गणपतीत आणि गणपतीत वेळ कुठला. गेल्या वर्षी मात्र ठरवलंच होतं. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली आणि उघडल्यावर रडूच आलं मला. तीन पटाशा (लाकूड कोरायच्या सपाट धारेच्या छिन्न्या), लाकडी रंधा, करवत, गुण्या (काटकोन बघायचा), गिरमिट (भोक पाडायचं), पक्कड, नट खोलायचे दोन पाने, एक कानस आणि ओळंबा. ओळंबा पितळेचा म्हणून तेवढा वाचलेला, बाकी सगळं लालभडक, पक्कड तर मिटल्या तोंडाने चिकटून बसलेली. अण्णा शिक्षक होते, सुतार नव्हते, पण घरातले पाट, चौरंग, दर वर्षीचं मखर सगळं ह्याच हत्यारांनी केलेलं. आणि खंडेनवमीला ती घासूनपुसून पाटावर मांडून पूजा व्हायची, झेंडूचं फूल प्रत्येकावर. त्या वर्षी खंडेनवमीला ती पुन्हा पाटावर बसवायची, एवढंच मनात होतं.

आमचं घर रत्नागिरीजवळ अगदी खाडीच्या काठावर, वर्षातले दहा-अकरा महिने बंद. हवेतच खार. ट्रंकेत हत्यारं गोणपाटात गुंडाळलेली होती आणि गोणपाट ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे जिथे ते चिकटून होतं तिथे लोखंडाला खड्डे पडलेले. एक पटाशी मात्र अण्णांनी तेलकट धोतराच्या फडक्यात बांधली होती, ती जवळजवळ जशीच्या तशी. तेव्हा पहिलं हे की गोणपाट, थर्माकोल, प्लास्टिकची पिशवी ह्यात लोखंड बांधून ठेवू नका.

ज्याला विचारावं तो म्हणतो रॉकेलमध्ये बुडव. अहो पण रॉकेल आहे कुठे आता? आमच्याकडे रेशनवर बंद होऊन किती वर्षं झाली, दुकानात विचारलं तर लोक आपल्याकडेच संशयाने बघतात. शेवटी रंगाच्या दुकानातून टर्पेंटाईन आणलं. जुनं काळं झालेलं ग्रीस आणि तेल त्याने छान सुटतं. पक्कडीच्या खिळ्यापाशी टर्पेंटाईन आणि शिलाई मशीनचं तेल अर्धं अर्धं करून सोडलं, दोन रात्री तशीच ठेवली, मधून मधून लाकडाच्या ठोकळ्याने हलकेच ठोकलं, तिसऱ्या दिवशी केसभर हलली आणि मग उघडलीच. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, सांध्यात फुगून बसतो, म्हणून ती अडकते, जोर लावून दांडे वाकवले तर पक्कड कायमची जाते. ह्यात घाई नाही करायची.

बाकीच्यांसाठी व्हिनेगर. किराण्याच्या दुकानात मिळतं ते साधं पांढरं, त्यात चार ते पाच टक्के आम्ल असतं, तेवढं पुरतं. रात्री बुडवलं, सकाळी काढलं, तारेच्या ब्रशने घासलं आणि खरंच सांगते, गंज साबणाच्या फेसासारखा उतरला. खालून करडं लोखंड. पटाशीवर अण्णांनी पंचने ठोकलेलं ‘ग’ हे अक्षर दिसलं, ते तिथे आहे हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. सगळे व्हिडिओ इथेच संपतात. चकचकीत हत्यार हातात धरून माणूस हसतो आणि झालं. पण खरा त्रास इथून सुरू होतो हे एकही माणूस सांगत नाही ह्याचा मला अजून राग आहे.

मी ती विहिरीच्या पाण्याने धुतली, ओटीवर पेपर पसरून मांडली आणि आरतीला गेले. आरती, मंत्रपुष्पांजली, प्रसाद, असा पाऊण तास गेला असेल. येऊन बघते तर सगळ्यांवर नारिंगी थर, हळद भुरभुरावी तसा. बोट लावलं तर बोटाला रंग. मला वाटलं नीट घासलं गेलं नसेल, म्हणून पुन्हा व्हिनेगर, पुन्हा रात्रभर, पुन्हा ब्रश.

दुसऱ्या वेळी पंच्याने खसाखसा पुसली, पंख्याखाली ठेवली, वरून गंजाचा म्हणून मिळतो तो स्प्रे मारला. बाहेर पाऊस धो धो, भिंती ओल्या, पापडसुद्धा पाच मिनिटांत मऊ पडतोय अशी हवा. सकाळी उठून बघितलं तर परत तेच, थोडं कमी पण तेच. गुण्याच्या पात्यावर तर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटलेला, एकेक रेष मोजता येईल असा, आणि तो सगळा गंजाचा! आदल्या रात्री पुसताना तिथे धरला होता तेवढंच. घामात मीठ असतं, ते लोखंडावर बसलं की हवेतलं पाणी ओढतं. तो ठसा मी नंतर बारीक वॉटर पेपरने घासला तरी उजेडात धरलं की अजून अंधुक दिसतो.

तिसऱ्या वेळी डोकंच फिरलं. म्हटलं सुकत नाही ना, मग गॅसवर सुकवते. चिमट्यात पटाशी धरून शेगडीवर धरली. पाणी उडालं, आणि बघता बघता धारेच्या टोकाशी आधी गव्हाळ, मग तपकिरी, जांभळट आणि मग निळा रंग सरकत आला. तेवढ्यात शेजारचे काका पडवीतून आत आले, एमआयडीसीत फिटर होते ते, रिटायर झाले आता. बघितल्याबरोबर ओरडले, “गो, काय करतेस काय? पटाशीचं पाणी उतरवलंस!”

पटाशीला भट्टीत तापवून पाणी पाजलेलं असतं, म्हणजे कडक केलेलं असतं, आणि ती पुन्हा दोनशे अंशांच्या वर तापली की तो कडकपणा जायला लागतो. निळा रंग दिसला की तेवढा भाग मऊ झाला समजायचं. पटाशी, रंध्याचं पातं, करवत, ज्याला ज्याला धार आहे ते चुकूनही विस्तवावर धरू नका, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

मग काका बसले आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. कशाने धुतलंस? म्हटलं पाण्याने. कुठल्या? विहिरीच्या. तर म्हणाले आपल्या विहिरीचं पाणी मचूळ, खाडीचा खार आहे त्यात, म्हणजे तू गंज काढून वर मिठाचं पाणी चोळलंस. आणि आम्ल मारलंस का? मला ते कळेच ना. आम्ल लोखंडाच्या बारीक छिद्रांत उरतं, ते खाण्याच्या सोड्याने मारायला लागतं, नुसत्या पाण्याने जात नाही. शिवाय आम्लातून निघालेलं लोखंड अगदी उघडं असतं, त्याच्यावर काहीच नसतं, त्याला हवा लागायचाच अवकाश. फॅक्टरीत पण असं धुतल्यावर लगेच तेलात टाकायचे, ठेवून चहाला जायचे नाहीत, असं म्हणाले. मी आरतीला गेले होते पण मुद्दा तोच.

चौथ्या वेळी त्यांच्या सांगण्याप्रमाणे केलं. पाऊस तासभर पडून कौलं धुऊन निघाल्यावर पागोळीखाली कळशी लावली, ते पाणी वापरलं. एका बादलीत पाणी आणि लिटरला दोन चमचे खाण्याचा सोडा, हत्यार व्हिनेगरमधून काढलं की थेट त्यात, बुडबुडे येतात ते थांबेपर्यंत, तिथेच ब्रश मारायचा. दुसऱ्या पातेल्यात पागोळीचंच पाणी उकळत ठेवलेलं. त्यात दोन-तीन मिनिटं धरायचं. उकळत्या पाण्याने लोखंड तापतं, बाहेर काढलं की पाणी आपोआप वाफ होऊन जातं, आणि पाणी शंभर अंशांच्या वर जातच नाही त्यामुळे धारेला काही होत नाही. एवढं साधं! मग जुने सुती मोजे हातात घालून, गरम असतानाच फडक्याने मशीनचं तेल. बादलीतून तेलापर्यंत एका पटाशीला पाच मिनिटं. एक संपवल्याशिवाय दुसरी काढायची नाही, मी आधी सगळी एकदम काढून मांडत होते ती पण चूकच होती. लाकडी मूठ पाण्यात जाऊ द्यायची नाही, मी उंच बाटलीत व्हिनेगर ओतून फक्त पातं आत राहील अशी उभी केली होती.

रात्री दोनदा उठून टॉर्च मारून बघितलं. सकाळी स्वच्छ होती. गौरी-गणपती विसर्जनाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत स्वच्छ होती. काकांना नेऊन दाखवल्या तर त्यांनी काही न बोलता पटाशी नखावर टेकवून बघितली आणि म्हणाले धार मी लावून देतो.

हो, करवत बुडवली नाही मी. पातळ पातं आहे, तिला रेझर ब्लेड आडवं धरून खरवडलं आणि मग २२० आणि ४०० नंबरचा पेपर तेल लावून फिरवला, दात्यांच्या बाजूने हात न नेता. वेळ लागतो पण व्हिनेगरमध्ये टाकून विसरलं की पोलाद काळं पडून खरखरीत होतं, मी एक पाना चोवीस तासांच्या वर ठेवला त्याचं तसंच झालं. क्रोम किंवा जस्ताचा मुलामा असलेलं काही टाकू नका, जस्त तर निघूनच जातं आणि क्रोमही खराब होऊ शकतो.

खोबरेल तेल लावू नका हे पण सांगायचं राहिलं. आईने आग्रह केला म्हणून कानशीच्या मुठीजवळ लावलं होतं, महिन्याभरात चिकट झालं आणि त्यावर धूळ बसली. खाण्याची बरीचशी तेलं हळूहळू चिकट होत जातात. मशीनचं तेल तसं होत नाही, आणि जास्त दिवस ठेवायचं असेल तर व्हॅसलिनचा पातळ हात, ते जाड असल्यामुळे टिकतं. मुठींना मात्र जवसाचं तेल उत्तम, पण ते लावलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटू शकतं, दोरीवर पसरून वाळवा आणि मगच फेका.

आता सगळं ठाण्याला आणलंय. ट्रंक नाही, लाकडी खोका, खाली तेलकट सुती कापड, कोपऱ्यात बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी रविवारी उघडून तेलाचं फडकं फिरवते, दहा मिनिटं लागतात.

खंडेनवमीला पाटावर मांडली सगळी. आईने हळदीकुंकू वाहिलं, आणि ते ओलावा धरेल म्हणून संध्याकाळी पुसून परत तेल लावलं मी. निळी पडलेली पटाशी पण मांडली होती. तिची धार दोन घावांत बोथट होते. काका म्हणालेत तो निळा भाग सावकाश, मधून मधून पाण्यात बुडवत घासून टाकला की मागचं कडक पोलाद लागेल, सूतभर पातं कमी होईल इतकंच. पुढच्या गणपतीत त्यांच्यासमोर बसूनच करणार आहे.